माया, मच्छिंद्र आणि मुरबाड

मुरबाड म्हणजे माळशेजला जाताना लागणारा वडापावचा स्टॉप, एवढीच तुमची ओळख असेल तर एखादा वीकेण्ड देहरीसाठी राखून ठेवा. तिथे गुरू आणि चेला असे दोन सुळके शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांच्या गोष्टीत जादू आहे, राणी आहे, कुणालाच न पटलेलं प्रेम आहे... आणि १९३२ साली आलेला एक सॉल्लिड सिनेमासुद्धा!

पावसाळ्यातला पहिला धो धो शुक्रवार आला की ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. 'माळशेज?' बस्स, एवढाच. मग दोन गाड्या, दहा माणसं, एक स्पीकर. कल्याण सोडलं की नगरचा रस्ता धरायचा, मुरबाडला गाडी बाजूला घेऊन वडापाव आणि कटिंग मारायचं आणि पुढे घाटात जाऊन ट्रॅफिक जॅममध्ये भिजायचं! मुरबाडच्या वाट्याला आपण येतो ते एवढेच. वडापाव संपेपर्यंत.

पुढच्या वेळी वडापाव खाता खाता जरा म्हशाचा रस्ता विचारा. नगरचा हायवे सोडून उजवीकडे वळलं की गर्दी एकदम मागे पडते. आम्ही गेलो ते जानेवारीत. भाताची कापणी कधीच आटपलेली, शेतात नुसते खुंट, घरापुढे पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. सकाळची थंडी अशी, की आमच्यातल्या एका बहाद्दराने ऑफिसचा लोगो असलेलं जॅकेट गळ्यापर्यंत बंद केलं होतं. म्हसा हे तसं लहानसंच गाव. पण पौष पौर्णिमेला इथे जी जत्रा भरते, तिचं नाव ठाणे जिल्ह्यात कुणालाही विचारा. जनावरांचा मोठा बाजार आणि घोंगड्यांची दुकानं ही तिची खासियत.

म्हसा मागे टाकून देहरीला पोचलात की गाईडची गरज नाही. गावासमोर आकाशात दोन सुळके घुसलेले दिसतात. एक मोठा, एक लहान. मागे सह्याद्रीची सलग भिंत, आणि त्या भिंतीतून दोन पावलं पुढे येऊन उभे राहिल्यासारखे हे दोघे. पाहुणा कोणता मोठा आणि कोणता छोटा हे ओळखण्यात हमखास चुकतो. कारण मोठा सुळका गोरखगड, म्हणजे चेल्याचा. आणि लहान सुळका मच्छिंद्रगड, म्हणजे गुरूचा!

आणखी एक गंमत. चेल्याच्या सुळक्यावर जायला कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. जपून चढलं तर तुम्हीआम्हीही वर पोचतो. गुरूच्या सुळक्यावर मात्र दोर आणि गिर्यारोहणाचं रीतसर ट्रेनिंग असल्याशिवाय जाता येत नाही. म्हणजे चेल्यापर्यंत आपली पोच आहे, गुरू आवाक्याबाहेर. असं का, ते त्या दोघांची गोष्ट कळली की जरा जरा लक्षात येतं.

गड चढण्याआधी आम्ही गावात चहा घेतला. ज्या मावशींच्या अंगणात बसलो होतो, त्यांचा गोठा अर्धा रिकामा होता. सहज विचारलं तर म्हणाल्या, बैल जत्रेत विकला. भाव बरा आला. मग थोड्या वेळाने, आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, 'पन चार दिस त्या दाव्याकडं बघवत न्हवतं. माया लावली व्हती ना त्याला.'

'माया' हा शब्द लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या ट्रेकमध्ये तो आपल्याबरोबर आहे.

राणीच्या राज्यात

घरात श्रावणात नवनाथांची पोथी लागत असेल तर गोष्ट तुम्हाला माहीत असेल. ही पोथी म्हणजे 'नवनाथ भक्तिसार'. धुंडीसुत मालू या कवीने ती १८१९ साली पुरी केली. पोथी म्हटलं की आपण उदबत्ती आणि सोवळं डोळ्यापुढे आणतो, पण हिच्यातल्या गोष्टी म्हणजे निव्वळ फँटसी! मंत्र टाकले की डोंगर हलतात, भस्म फुंकलं की माणसं जिवंत होतात.

त्यात स्त्रीराज्य नावाचा देश आहे. तिथे एकही पुरुष नाही. मारुतीची गर्जना ऐकली की पुरुषाचा तिथे टिकावच लागत नाही. त्या राज्याची राणी मैनाकिनी. तिला कुणाची तरी सोबत हवी असते. ती तप करते आणि थेट मारुतीलाच मागणी घालते. मारुती पडला ब्रह्मचारी! पण तिचं तप वाया जाऊ नये म्हणून तो तोड काढतो. मी नाही, पण तुझ्याकडे मच्छिंद्रनाथाला पाठवतो, असं वचन देतो. म्हणजे बघा, या प्रेमाचं 'अरेंजमेंट' खुद्द मारुतीने केलेलं आहे.

मच्छिंद्रनाथ जातो. योग्यांचा योगी, भल्याभल्यांना वैराग्य शिकवणारा. आणि रमतो. वर्षं जातात. राणीला मुलगा होतो, मीननाथ. इकडे चेला गोरखनाथ गुरूला शोधत हिंडतोय. पत्ता लागतो तेव्हा तो सरळ आत जाऊ शकत नाही, कारण पुरुषाला बंदी. मग तो कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्यात शिरतो. दरबारात नाच सुरू होतो, गोरख मृदंगावर बसतो आणि बोलांमधून गुरूला निरोप पोचवतो, की मी आलोय, चला. भर दरबारात, सगळ्यांसमोर, आणि कळतं मात्र एकालाच!

पुढे राणी रडते, अडवते, गोरखलाच राज्यात अडकवून ठेवायचे प्रयत्न करते. शेवटी मच्छिंद्रनाथ निघतो. मुलगा बरोबर घेतो. झोळीत सोन्याची एक वीटही असते. वाटेत गोरख ती फेकून देतो आणि गुरूला दाखवतो, की सोनंच हवं असेल तर हा सगळा डोंगरच सोन्याचा करून देतो. आणि राणी? ती मुळात शाप मिळून इथे आलेली असते. तिचा शाप संपतो आणि ती आपल्या मूळ जागी परत जाते.

पोथीतली राणी अशी आहे. तिला नाव आहे, मागचा जन्म आहे, मूल आहे आणि निरोपाचा प्रसंग आहे. पुढे सिनेमाने तिचं काय केलं, हे बघताना एवढं ध्यानात असू द्या.

गुहेतला सिनेमा

देहरीच्या विठ्ठलमंदिरामागून जंगलात वाट शिरते. तासाभराने झाडी संपते आणि कातळ सुरू होतो. मग खोदलेला दरवाजा आणि त्यातून वर जाणाऱ्या पायऱ्या. पायऱ्या उंच आणि काही ठिकाणी झिजलेल्या, त्यामुळे इथे गप्पा आपोआप बंद होतात. पाण्याची टाकी लागतात आणि मग ती गुहा येते. वीस-पंचवीस माणसं आरामात झोपतील एवढी ऐसपैस. दारात चाफ्याची दोन झाडं. हिवाळ्यात त्यांची पानं गळालेली असतात, नुसत्या जाड जाड फांद्या. त्या फांद्यांच्या मधून, दरीपलीकडे, अगदी समोर मच्छिंद्रगड. गोरखनाथाने इथे साधना केली, असं गावात सांगतात आणि म्हणून हा गोरखगड. रोज सकाळी डोळे उघडले की समोर गुरू, अशी ही जागा.

डबे उघडले, ठेपले-लोणचं फिरलं आणि आमच्यातल्या सिनेमावेड्याने तोंड उघडलं. 'तुम्हाला माहितीय का, या गोष्टीवर प्रभातने पिक्चर काढला होता!'

काढला होता. 'माया मच्छिंद्र', साल १९३२. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती, पुण्याला यायची होती. दिग्दर्शक व्ही. शांताराम. मणिशंकर त्रिवेदींच्या 'सिद्धसंसार' या नाटकावर आधारलेला हा बोलपट मराठीत आणि हिंदीतही निघाला. मराठी सिनेमाला वाचा फुटून वर्षही झालं नव्हतं. त्याच वर्षी, त्याच कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला होता. मच्छिंद्रनाथ झाले होते गोविंदराव टेंबे. हार्मोनियममधलं केवढं मोठं नाव! सिनेमाचं संगीतही त्यांचंच. गोरख झाले मास्टर विनायक. म्हणजे अभिनेत्री नंदाचे वडील, असं सांगितलं की आईबाबांना लगेच ओळख पटते. आणि राणी किलोतळा? दुर्गा खोटे. बाजूला पाळीव चित्ता घेऊन बसलेली, पुरुषांचा तिटकारा असलेली राणी!

ट्रिक सीन्स हा त्या सिनेमाचा यूएसपी. कॉम्प्युटरचं नाव नाही आणि पडद्यावर चमत्कार! कॅमेरा, प्रकाश, सेट आणि डोकं, एवढ्या भांडवलावर. ते सगळं कोल्हापुरात, नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी.

पण सिनेमावेड्याने शेवट सांगितला तेव्हा गुहेत जरा शांतता झाली. सिनेमात गोरखला कळतं, की गुरूने वैराग्य सोडून राणीशी संसार थाटलाय. तो हादरतो, गुरूला सोडवायला जातो. खूप काही घडतं. आणि शेवटी समजतं की यातलं काहीच घडलेलं नाही. राणी नाही, राज्य नाही, चित्ताही नाही. ते सगळं गुरूने चेल्याला धडा शिकवायला उभं केलेलं होतं. सगळी माया!

म्हणजे १८१९ च्या पोथीने जिला नाव, मूल आणि निरोप दिला होता, तिला १९३२ च्या आधुनिक स्टुडिओने एक झकास एण्ट्री दिली, चित्ता दिला आणि मग सांगून टाकलं की ही बाई नव्हतीच.

गंमत म्हणजे जिने ही 'नसलेली' राणी रंगवली, तिचं स्वतःचं काय चाललं होतं बघा. दुर्गाबाई चांगल्या खात्यापित्या, शिकलेल्या घरातल्या. दोन मुलांची आई. अशा घरातल्या बाईने सिनेमात काम करणं हे त्या काळी कुळाला काळिमा फासणं समजलं जाई. पहिल्या सिनेमानंतर त्यांना लोकांनी किती बोल लावले, ते त्यांच्या 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. त्या मागे फिरल्या नाहीत. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. आणि गोरख? ब्रह्मचर्याचा झेंडा घेऊन गुरूला सोडवायला निघालेल्या मास्टर विनायकांनी सहाच वर्षांनी, १९३८ मध्ये, 'ब्रह्मचारी' नावाचा सिनेमा केला. लेखक आचार्य अत्रे. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला तरुण आणि त्याच्या शपथेची वाट लावणारी तरुणी! मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखावरून तेव्हा केवढी चर्चा झाली होती...

'उतरेल!'

आम्ही हसत होतो. दोघं सोडून.

आमच्या ग्रुपमधली ही दोघं. ती अकाऊण्ट्समध्ये, तो टेस्टिंगमध्ये. कॅण्टीनमधला तिसरा टेबल दोन वर्षं त्यांचाच. जाती वेगवेगळ्या. (नावं न घालता लिहायला त्यांनी परवानगी दिलीय. 'लिही, पण आडनावावरून कळेल असं काही नको,' एवढीच अट.) ती म्हणाली, 'पिक्चरवाले आणि माझी आई, सेम. आई पण म्हणते, हे खरं नाहीये. उतरेल.'

'उतरेल' म्हणजे ताप नव्हे. दिवाळीत ती गावी गेली तेव्हा आईने तिला एका देवऋषीकडे नेलं. त्याने अंगारा लावला, लिंबू उतरवलं आणि सांगितलं की पोरीवर करणी झालीय. कुणीतरी खायला घातलंय. लिंबू तिच्या नकळत बॅगेत आलं आणि मुंबईत लॅपटॉप काढताना सापडलं. 'मी खायला घातलं ते कॅण्टीनचं पोहे,' तो म्हणाला. 'आणि त्याने कुणावर मोहिनी पडत असेल तर आपल्या कॅण्टीनवाल्याचं आत्तापर्यंत दहा वेळा लग्न झालं असतं.'

हसून झालं. पण विचार करा. इंजिनीअर मुलगी, स्वतःचा पगार, स्वतःचं भाड्याचं घर. तिने एका मुलाला पसंत केलं, याचं घरच्यांना सापडलेलं उत्तर काय, तर जादू! आणि ही काही एकट्या त्यांच्या घरची गोष्ट नाही. 'नादाला लागला', 'भूल पडली', 'काय खायला घातलं कोण जाणे', 'वशीकरण केलं'... आपल्या भाषेत न पटलेल्या प्रेमासाठी शब्द आहेत ते असे. का? कारण जादू म्हटलं की निर्णय कुणाचाच राहत नाही. मुलगी बिचारी, फसलेली. मुलगा लबाड. आणि उपाय सोपा, उतारा. तिने डोकं ठिकाणावर ठेवून विचारपूर्वक ठरवलं, असं एकदा मान्य केलं तर मग तिच्याशी बोलावं लागतं ना!

मच्छिंद्रनाथाचं हेच झालं. एवढा मोठा योगी स्वतःच्या मर्जीने राहिला असेल, हे चेल्यांना पचणारं नव्हतं. म्हणून मग राणीची भूल. स्त्रीराज्याची जादू. आणि सिनेमापर्यंत येता येता तर राणीच गायब.

इथे अभ्यासकांची एक बाजू सांगायला हवी. मच्छिंद्रनाथाच्या, म्हणजे मत्स्येंद्रनाथाच्या नावावर 'कौलज्ञाननिर्णय' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. प्रबोधचंद्र बागची यांनी तो १९३४ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. तो ज्या कौल परंपरेतला आहे, त्या परंपरेत स्त्री ही साधनेतली अडचण मानलेली नाही, ती सोबतीण आहे. या ग्रंथात कामरूपातल्या, म्हणजे आसामातल्या, योगिनींचा उल्लेख येतो. गोरखनाथाचा मार्ग मात्र कडक ब्रह्मचर्याचा. म्हणून अनेक अभ्यासक स्त्रीराज्याची गोष्ट अशी वाचतात, की गुरू आणि चेला यांच्या दोन वाटांमधलं भांडण पुढच्या लोकांनी गोष्टीत बसवलं आणि गोष्ट सांगायचं काम चेल्याच्या बाजूने केलं. हे कळलं आणि मला समोरच्या सुळक्यांची उंची आठवली. चेला मोठा, गुरू लहान!

गोरखची बाजू

थांबा, गोरखला व्हिलन करू नका. आमच्यातल्या एकाने त्याची बाजू लावून धरली आणि त्यात दम होता. 'नियम गुरूने केला. शिष्याने त्यासाठी सगळं सोडलं. आणि मग गुरूच म्हणतो मी चाललो! त्याने काय करायचं?' बरोबर आहे. शिवाय नाथांची परंपरा अशी सांगतात : आदिनाथ, मच्छिंद्रनाथ, गोरखनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानेश्वर. गोरख मृदंग घेऊन गेला नसता तर ही साखळी तिथेच तुटली असती, असं गोष्ट मानणारा माणूस म्हणू शकतो.

पण मला त्याच्या बाजूने वेगळंच म्हणायचंय. गोरखने काय काय केलं बघा. गाव न् गाव पालथं घातलं. नर्तकीच्या ताफ्यात शिरला. हातात मृदंग घेतला. वैरागी माणसाला एवढी उठाठेव कशाला हवी होती? गुरू गेला तर गेला, म्हणून डोळे मिटून बसायचं. ते त्याला जमलं नाही. का?

माया!

मराठीत या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पोथीतला : भास, भूल, खोटं. दुसरा अंगणातला : जीव लावणं. आईची माया. मावशींनी बैलाला लावलेली माया. दोन्ही अर्थ आपण रोज वापरतो आणि एकमेकांना अडखळत नाहीत. अडचण कधी होते? आपण स्वतः जीव लावतो तेव्हा ती अंगणातली माया असते आणि दुसऱ्याने लावला की लगेच पोथीतली! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तसंच हे. आपली ती माया, दुसऱ्याची ती भूल. गोरखला गुरूचा लळा होता, तो त्याला कधी भास वाटला नाही. राणीने लावलेला लळा तेवढा भास.

हे मी गुहेत बोलून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ चाफ्याच्या झाडाकडे बघत बसली. मग म्हणाली, 'आई त्या देवऋषीला अडीच हजार देऊन आली. तिची महिन्याची पेन्शन किती आहे माहितीय? तिलाही मायाच आहे रे. नुसती चुकीच्या माणसाकडे घेऊन गेली ती मला.'

यावर कुणी काही बोललं नाही. आम्ही उठलो आणि शेवटचा टप्पा चढलो. गुहेच्या वरचा सुळका, साधारण पन्नासेक पायऱ्या, एका बाजूला दरी. माथा छोटासाच. महादेवाचं देऊळ, समोर नंदी. समोर मच्छिंद्रगड, पलीकडे सिद्धगडाचा भलामोठा पहाड, दूरवर नाणेघाट आणि जीवधन. सातवाहनांच्या काळापासून कोकणातून जुन्नरला जाणारा व्यापार त्या घाटाने चढायचा. या गडांवरून त्या वाटांवर नजर ठेवता यायची.

राणीचा सुळका कुठाय?

माथ्यावर मला एक गोष्ट खटकली. गुरूला सुळका आहे, चेल्याला सुळका आहे. राणीला?

मुरबाडला लागून शहापूर तालुका आहे. तिथे आसनगाव स्टेशनवरून माहुलीचा किल्ला दिसतो. त्याच्या सुळक्यांना गावकऱ्यांनी नावं दिलीत नवरा, नवरी, भटोबा. म्हणजे अख्खं लग्नच दगडाचं करून ठेवलंय, भटजींसकट! त्याच तालुक्यात कसाऱ्याजवळ विहीगावचा धबधबा आहे. २००१ सालच्या शाहरुख-करीनाच्या 'अशोका'चं शूटिंग तिथे झालं आणि तेव्हापासून लोक त्याला अशोका धबधबाच म्हणायला लागले. एका सिनेमाने एका धबधब्याचं बारसं केलं. म्हणजे आपल्याकडे मंजूर लग्नाला सुळके मिळतात, सिनेमातल्या प्रेमाला धबधबा मिळतो. पोथीतल्या राणीला, जिच्यासाठी एवढा मोठा योगी वर्षानुवर्षं थांबला, तिला मुरबाडमध्ये साधी टेकडीही नाही.

गुरूची मात्र सगळीकडे सोय आहे. नेपाळात पाटणला दरवर्षी मच्छिंद्रनाथाचा मोठा रथ निघतो. आपल्याकडे बीड जिल्ह्यात सावरगावला त्याची समाधी सांगतात. त्या जागेला लोक काय म्हणतात माहितीय? मायंबा! मच्छिंद्रनाथाने संसार सोडला, पण नावातली माया काही सुटली नाही.

तीस दिवस

उतरताना त्या दोघांनी बाकीची बातमी फोडली. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टखाली, त्यांनी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिलीय. तुमच्यापैकी कुणाच्या उपयोगाचं असेल म्हणून सांगते. या कायद्यात लग्नासाठी धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला आहे, तिथे नोटीस द्यायची. ती कार्यालयात फळ्यावर लागते. तीस दिवस. त्या काळात कुणीही आक्षेप घेऊ शकतं. पण आक्षेप कायद्यात लिहिलेल्या कारणांवरच घेता येतो : आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं (मुलगी १८, मुलगा २१), निषिद्ध नातं, मानसिक स्थिती संमती देण्याजोगी नसणं. 'आम्हाला जात पसंत नाही' हा आक्षेप त्यात नाही. आणि 'करणी झालीय' हा तर नाहीच नाही. उलट जादूटोण्याच्या नावाने लोकांना फसवणाऱ्या आणि छळणाऱ्या अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

'बारा दिवस झाले,' तो म्हणाला. 'अजून मृदंग वाजला नाहीये.'

'वाजेल,' ती म्हणाली. 'मामा त्या ऑफिसच्या जवळच राहतो.' आणि मग, पुढची पायरी नीट बघून पाय ठेवत, 'वाजू दे. मी आत कुठे अडकलेय, की मला कुणी सोडवायला यावं? मी स्वतः सही केलीय.'

देहरीत खाली आलो तेव्हा मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या होत्या. सोबत पिठलं आणि मिरचीचा ठेचा. आम्ही जेवताना शेजारच्या रिकाम्या दाव्याला त्यांची नात एका करडाला बांधत होती. करडू सारखं सुटत होतं आणि ती पुन्हा बांधत होती. मागे उन्हात दोन्ही सुळके लालसर झाले होते.

तुम्ही हे वाचाल तोपर्यंत त्यांचे तीस दिवस पुरे झालेले असतील. राणी होती की नव्हती, हे पोथी आणि सिनेमा आपसात बघून घेतील. आमच्या अकाऊण्ट्समधली मुलगी आहे. सोमवारी दहाला कॅण्टीनच्या तिसऱ्या टेबलावर बघायला मिळेल.

कसं जाल, काय कराल?

जायचं कसं : लोकलने कल्याण. स्टेशनजवळून मुरबाडची एसटी. पुढे म्हशावरून देहरी. एसटीच्या फेऱ्या मोजक्या, त्यामुळे मुरबाडहून जीप ठरवली तर बरं. स्वतःची गाडी असेल तर कल्याण-नगर हायवेने मुरबाड आणि तिथून उजवीकडे म्हसा.

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळातल्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा माथ्याचा हट्ट नको. पौष पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर म्हशाची जत्राही बघून होईल.

चढाई : देहरीहून गुहेपर्यंत साधारण दोन तास. पहाटे निघा. ग्रिप असलेले बूट घाला. पहिल्यांदा जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या, त्याचे पैसे आधी ठरवा.

राहायचं : गडावरची गुहा किंवा गावातलं विठ्ठलमंदिर. जेवणाचं गावात आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर सोय होते. गुहेत कचरा टाकू नका, पाण्याच्या टाक्यात हातपाय धुऊ नका.

मच्छिंद्रगड : दोर, साहित्य आणि अनुभवी लीडर असेल तरच. नाही तर गुहेत बसून समोरून बघा. गोरखनेही तेच केलं असणार!